कात्रीनं उघडलेलं कचेरीचं दार

सुटे पैसे नसले की दुकानदार हातावर गोळी ठेवतो आणि आपण कुरकुरत का होईना, ती पर्समध्ये टाकतो. पण मैत्रिणींनो, सगळ्या देशातूनच चिल्लर गायब झाली तर? अमेरिकेत १८६२ साली हेच झालं. त्या वर्षी तिथं दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे पाच-दहा सेंटच्या चिमुकल्या कागदी नोटा. आज संग्राहक त्या हौसेनं जमवतात. दुसरी म्हणजे देशाच्या खजिन्याच्या कचेरीत बाईला मिळालेली नोकरी. दोन्हींमागे एकच नाव येतं, फ्रान्सिस स्पिनर.

स्पिनर यांचा जन्म २१ जानेवारी १८०२ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या मोहॉक नदीच्या खोऱ्यातला. वडील जर्मनीहून आलेले धर्मोपदेशक. त्यांनी मुलाला घरीच शिकवलं, पण नुसत्या पुस्तकांवर ठेवलं नाही. घोड्यांची खोगिरं बनवणाऱ्याकडे उमेदवारीलाही घातलं. पुढे स्पिनर यांनी हर्किमर गावात दुकान चालवलं, ते शेरीफ झाले, बँकेत कॅशियर आणि मग अध्यक्ष झाले. १८५५ ते १८६१ ते अमेरिकन काँग्रेसमध्ये होते. मार्च १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांना देशाचं खजिनदार केलं, तेव्हा त्यांनी साठी गाठत आणली होती.

महिनाभरातच यादवी युद्ध पेटलं. लोकांनी सोनं-चांदीची नाणी घरात दडवली. दूध, पाव, ट्रामचं भाडं, कशालाच सुटे पैसे मिळेनात. मग लोक चिल्लर म्हणून टपालाची तिकिटं देऊ-घेऊ लागले. पण तिकिटाच्या पाठीला डिंक! घामट हातात, खिशात सगळी चिकटून त्यांचा लगदा व्हायचा. असं सांगतात, की स्पिनर यांनी तिकिटं विकत घेतली, कचेरीतल्या कागदाच्या तुकड्यांवर चिकटवली आणि देण्याघेण्यात वापरली. साधा घरगुती उपाय, पण तोच सरकारला मार्गदर्शक ठरला. जुलै १८६२ मध्ये कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये ५, १०, २५ आणि ५० सेंटच्या नोटा बाजारात आल्या. त्यांवर चक्क तिकिटांचीच चित्रं होती. २५ सेंटच्या नोटेवर पाच सेंटची पाच तिकिटं एकमेकांवर सरकवल्यासारखी दिसतात. सुरुवातीच्या काही नोटांच्या कडाही तिकिटासारख्या दातेरी होत्या. १८७६ पर्यंत अशा नोटांच्या पाच मालिका निघाल्या, त्यात ३ आणि १५ सेंटच्याही होत्या. एकूण किंमत ३६ कोटी डॉलरहून अधिक!

मोठ्या नोटांचंही काम तेव्हा बेसुमार वाढलं होतं. त्या न्यूयॉर्कहून अखंड तावांवर छापून यायच्या आणि वॉशिंग्टनच्या कचेरीत पुरुष कारकून कात्रीनं एकेक कापत बसायचे. स्पिनर अर्थमंत्री सॅमन चेस यांच्याकडे गेले. त्यांचं म्हणणं असं, की या धडधाकट पुरुषांना लढाईवर जाऊ द्या. कात्री बायकांच्या हातात जास्त सराईतपणे चालते, आणि त्या कमी पगारात येतील. १८६२ मध्ये जेनी डग्लस ही पहिली बाई या कामावर लागली आणि तिनं झपाट्यानं काम उरकून दाखवलं. त्याआधी वॉशिंग्टनमध्ये मोजक्याच बायकांना सरकारी कागदांच्या नकला करण्याचं काम मिळे, तेही बहुतेक घरी बसून. आता मात्र त्यांच्यामागे कितीतरी जणी आल्या. कुणाचा नवरा लढाईत गेलेला, कुणाचा भाऊ, कुणाचे वडील. कापता कापता त्या नोटा मोजू लागल्या, खोट्या नोटा पकडू लागल्या, जळक्या-भिजक्या नोटांचे तुकडे जुळवून त्यांची किंमत ठरवू लागल्या.

पण हेही सांगायला हवं. या बायकांना वर्षाला ६०० डॉलर मिळायचे आणि पुरुष कारकुनाला किमान १२००. दार उघडलं ते न्याय म्हणून नव्हे, स्वस्त पडतं म्हणून. पुढे पगार ७२० आणि १८६६ मध्ये ९०० झाला, तरी बरोबरी नाहीच. वर कुजबूज वेगळीच. खजिन्यात काम करणाऱ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली आणि १८६४ मध्ये काँग्रेसच्या समितीपर्यंत प्रकरण गेलं. स्पिनर मात्र मागे हटले नाहीत. युद्ध संपून पुरुष परतले, तरी त्यांनी बायकांना घरी धाडलं नाही.

माणूस कामाला वाघ. रात्री कचेरीतच झोपायचे आणि तिजोऱ्यांची कुलपं स्वतः तपासायचे म्हणतात. त्यांची लांबलचक, वेलांट्यांची सही नोटांवर छापली जायची. ५० सेंटच्या एका नोटेवर तर खुद्द त्यांचंच चित्र आहे. हयात अधिकाऱ्यांचे चेहरे नोटांवर येऊ लागले तसा गवगवा झाला आणि १८६६ मध्ये काँग्रेसनं जिवंत माणसाचं चित्र नोटेवर छापायला बंदी घातली. म्हणूनच आज संग्राहकांना त्या नोटेचं अप्रूप. पाठ लाल की हिरवी, सही छापील की शाईनं केलेली, यावर किंमत ठरते. खोट्या नोटा ओळखता याव्यात म्हणून सरकारनं बँकांसाठी ३९ नमुना नोटांच्या चौकटी बनवल्या होत्या. तेव्हा साडेचार डॉलरला मिळणारी ती चौकट आता दुर्मीळ आहे.

आपल्या खात्यात माणसं कुणी नेमायची, यावरून वरिष्ठांशी वाजलं आणि १८७५ मध्ये स्पिनर यांनी पद सोडलं. ३१ डिसेंबर १८९० ला फ्लोरिडात त्यांचं निधन झालं. सरकारी कचेऱ्यांतल्या बायकांनी मग आपल्या पगारातून वर्गणी काढली आणि त्यांचा पुतळा घडवून घेतला. वॉशिंग्टनमध्ये त्याला जागा मिळाली नाही. अखेर १९०९ मध्ये तो हर्किमरला उभा राहिला. बायकांना सरकारी नोकरीत आणलं, याचंच समाधान त्यांना आयुष्यातल्या बाकी सगळ्या कामांपेक्षा जास्त होतं, अशा अर्थाचे त्यांचे शब्द त्यावर कोरले आहेत.

दार स्पिनर यांनी उघडलं, हे खरं. ते पुन्हा बंद होऊ दिलं नाही, ते मात्र अर्ध्या पगारात चोख काम करणाऱ्या त्या बायकांनी.