किडीविरुद्ध किडीलाच उभे करणारे एडवर्ड निपलिंग

अमेरिकेतील टेक्सास राज्यात पोर्ट लवाका येथे २० मार्च १९०९ रोजी जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग हे शेतकऱ्याचे पुत्र. स्क्रूवर्म माशीच्या अळ्या जनावरांच्या जखमांत शिरून जिवंत मांस खातात आणि उपचार न झाल्यास जनावर दगावते, हे त्या भागातील पशुपालकांचे नित्याचे संकट होते.

निपलिंग १९३१ मध्ये कृषी विभागात रुजू झाले. या माशीची मादी सहसा आयुष्यात एकदाच समागम करते, हे त्यांनी १९३० च्या दशकात हेरले. वंध्य नर मोठ्या संख्येने सोडले, तर बहुतेक माद्यांची अंडी निष्फळ ठरतील, असा त्यांचा तर्क होता. मात्र नर वंध्य कसे करावेत, याचे उत्तर नव्हते आणि अनेकांना ही कल्पनाच अव्यवहार्य वाटली. नोबेलविजेते हर्मन म्युलर यांच्या किरणोत्सर्गविषयक संशोधनामुळे १९५० मध्ये मार्ग सापडला. सहकारी रेमंड बुशलँड यांनी क्ष-किरणांनी माश्या वंध्य करून दाखविल्या.

निपलिंग यांचे गणित सोपे होते. दहा लाख नरांमध्ये वीस लाख वंध्य नर मिसळल्यास पुढची पिढी एक तृतीयांशावर येते. तितकेच वंध्य नर पुन्हा सोडत राहिल्यास चार पिढ्यांत कीड जवळपास संपते. कीड घटेल तसा कीटकनाशकाचा लाभ घटतो. ही पद्धत मात्र अधिक प्रभावी होत जाते. १९५४ मध्ये कुरासाव बेटावरून काही महिन्यांतच ही माशी नाहीशी झाली.

एक उणीव मात्र राहिली होती. नर-मादी वेगळे करणे कठीण असल्याने दोन्ही सोडावे लागत आणि वंध्य नरांची शक्ती वंध्य माद्यांवरच वाया जाई. पुढे भूमध्यसागरी फळमाशीबाबत आनुवंशिक शास्त्राने हा प्रश्न सोडविला. या माशीच्या विशेष वाणात उष्णता सहन न होण्याचा दोष असतो. निर्दोष जनुक नराच्या वाय गुणसूत्राला जोडलेले असते. त्यामुळे अंड्यांना सुमारे ३४ अंश सेल्सिअसची ऊब दिली की मादी भ्रूण मरतात आणि केवळ नर उरतात. खाद्यावरील खर्च वाचतो, फळांना डंख करणाऱ्या माद्याही सोडल्या जात नाहीत.

निपलिंग आणि बुशलँड यांना १९९२ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १७ मार्च २००० रोजी निपलिंग यांचे निधन झाले. विषाविना कीड आटोक्यात आणण्याच्या प्रयत्नांत त्यांचे गणित आजही पायाभूत मानले जाते.