श्रीमती रमाबाई रानडे आणि परिचारिकांचा वर्ग

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस खाडीची अडचण समजावून सांगावयास नको. भरतीची वेळ पाहून होडी सुटावयाची, पावसाळ्यात वाट चिखलाने बंद व्हावयाची, आणि नेमक्या त्याच रात्री घरात एखादी बाई अडलेली असावयाची, असा तो पूर्वीचा काळ. अशा वेळी धाव घ्यावयाची ती गावच्या सुइणीकडे. तिच्या हाताला अनुभव पुष्कळ असे; परंतु हात साबणाने स्वच्छ धुवावे, नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे, हे तिला कोणी शिकविलेच नव्हते. मळक्या हत्याराने नाळ कापली की बालकास धनुर्वात होई. याच अलिबागेस काही काळ राहून गेलेल्या आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मानंतर दहा दिवसांतच दगावले, आणि पुढे त्या अमेरिकेस जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या, ही हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकलीच असेल. परंतु डॉक्टर झाला तरी तो रोग्यास पाहून पुढच्या घरी जावयाचा. रात्रभर उशाशी बसून नाडी पाहावयाची, औषध वेळेवर द्यावयाचे, मलमपट्टी बदलावयाची, ती कोणी? हा प्रश्न ज्यांनी मनास लावून घेतला, त्या श्रीमती रमाबाई रानडे यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगणार आहो.

रमाबाई या देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या कन्या. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. माहेरी अक्षरओळखही झालेली नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांस शिकविण्यास आरंभ केला. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातील वडील स्त्रियांस ही गोष्ट मुळीच रुचली नाही. दिवसा टोमणे ऐकावयाचे व रात्री पुस्तक उघडावयाचे, असा क्रम कित्येक वर्षे चालला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही, आणि पुस्तकही मिटले नाही. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ आम्हांस याच हट्टात दिसते. पुढे नाशिक, पुणे, मुंबई येथे त्यांनी स्त्रियांच्या सभा व वर्ग चालविले. त्या सर्वांची यादी येथे देत नाही.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ति रानडे निवर्तले. रमाबाईंस अपत्य नव्हते. काही काळ त्या लोकांतून अगदी बाजूस झाल्या. परंतु २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन उघडले ते त्यांच्याच प्रेरणेने. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे या कामातील मोठे साहाय्यक. सेवासदनात येणाऱ्या कित्येक बायका विधवा होत्या. दीर किंवा भाऊ यांच्या घरी दोन वेळच्या अन्नावर राबावयाचे, याखेरीज त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. त्यांस आधी लिहिणे-वाचणे, हिशेब शिकवावयाचे, आणि मग एखादा असा धंदा द्यावयाचा की ज्यात महिन्याचा पगार स्वतःच्या हाती पडेल, ही रमाबाईंची योजना. शिक्षिकेच्या धंद्यास कोणी फारसे नावे ठेवली नाहीत. परंतु पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचारिका व सुईण यांचे शिक्षण घेण्यास सेवासदनाच्या मुली जाऊ लागल्या, तेव्हा मात्र गहजब उडाला.

त्याचे कारण आजच्या मुलामुलींस कळणे कठीण. बाळंतिणीची खोली म्हणजे विटाळ. परक्या पुरुषाच्या जखमेस हात लावणे, कोणत्याही जातीच्या रोग्याचे भांडे उचलणे, घराबाहेर रात्रपाळी करणे, यांतील एकेक गोष्ट कुलीन म्हणविणाऱ्या घरास बुडविण्यास पुरेशी मानली जाई. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेल्या खेड्यांतील सुइणींची कोणी कधी चौकशी केली नव्हती, हेही आम्ही येथे नमूद करितो. काम सर्वांसच हवे होते. करणारणीस मान मात्र कोणी देत नव्हते.

एका वार्षिक समारंभाची गोष्ट आहे. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, अंगावर तांबडे आलवण. तिला पाहताच वरच्या सज्ज्यातील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. हे विद्यार्थी अडाणी घरचे नव्हते, याची आमच्या वाचकांनी नोंद घ्यावी. रमाबाई स्वभावाने शांत. पण त्या दिवशी समारोपास उठल्या तेव्हा त्यांचा संताप आवरला नाही. दैवाने आधीच गांजलेल्या भगिनीस हसणाऱ्यांच्या शिक्षणाची त्यांनी भर सभेत अशी संभावना केली की सभागृह चिडीचूप झाले. त्या मुलीने बक्षीस घेतले, आणि वर्ग पुढे चालू राहिला.

पुढे सेवासदनाने वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एक व परिचर्या शिकणाऱ्या मुलींसाठी दुसरे, अशी दोन वसतिगृहे चालविली. ही सोय लहान दिसते. पण परगावच्या मुलीस पुण्यात राहावयास विश्वासाची जागा मिळाली नसती, तर रुग्णालयाचे दार उघडे असून तिला काय उपयोग? रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांस भेटत, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडत; तरी सेवासदनावरील त्यांची नजर ढळली नाही. १९२४ साली त्या वारल्या, तेव्हा पुण्याच्या या संस्थेचा लाभ हजारावर स्त्रिया घेत होत्या. सेवासदनाच्या शाखा पुण्याबाहेरही निघाल्या, आणि त्यांत आमच्या अलिबागेचे नाव होते. त्या काळी आपल्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ सालचे.

आता बारावी झालेली मुलगी दोन वर्षांत सहायक परिचारिका-प्रसाविका होते. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावच्या आशाताई शिकून तयार झाल्या. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावू लागली. खाडी व पाऊस तेवढे पूर्वीचेच आहेत. लशींची थंड पेटी खांद्यास अडकवून एस.टी.तून उतरलेली परिचारिका भर आषाढात एखाद्या कोळीवाड्यात शिरते, तेव्हा तिला पाहून कोणी हसत नाही. ओटीवर खुर्ची मांडतात, पाण्याचा तांब्या पुढे करितात, आणि शेजारच्या घरी मुलांस घेऊन येण्याचा निरोप जातो.