पवनारचे आचार्य विनोबा भावे

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिली स्मरणिकेत एका हिंदू सत्पुरुषाचे चरित्र कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. निवडणुका आल्या म्हणजे एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकणारी कुटुंबे देवळाबाहेर एकमेकांस ओळख देत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याने वैऱ्यांस एके ठिकाणी बसविण्यात आयुष्य वेचले, तो मनुष्य आपल्याच जिल्ह्यात राहत होता. पवनारच्या पुलावरून धाम नदीकाठचा त्याचा आश्रम अजून दृष्टीस पडतो.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. १९१६ साली ते महात्मा गांधींस भेटले, १९२१ साली वर्ध्याचा आश्रम चालविण्यास आले आणि १९३८ साली प्रकृती ढासळल्यामुळे पवनारास राहू लागले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांसच निवडिले. त्यांनी कुराण मूळ अरबीतून अभ्यासिले, आणि आपल्या नव्या करारातील वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांचे हे वाचन केवळ पांडित्यासाठी नव्हते, हे पुढील हकिगतीवरून ध्यानात येईल.

तेलंगणात १९४६ पासून जमीनदार व कम्युनिस्ट यांच्यात रक्तपात चालू होता. रात्री एका पक्षाचे भय आणि दिवसा पोलिसांचे, अशा कात्रीत तेथील रयत सापडली होती. मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले व सुमारे ३०० मैल चालून हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास पोहोचले. पुढे त्या अशांत मुलखात शिरण्यापूर्वी ते प्रथम हैदराबादच्या तुरुंगात गेले व तेथील कम्युनिस्ट बंदिवानांचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. आम्हांस हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. ज्यांची वाट चुकली आहे असे आपणांस वाटते, त्यांच्याकडे आपण होऊन जाणारे किती आढळतात?

१८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारदरबारी अर्ज करण्यास विलंब लागणार हे उघड होते, तेव्हा विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांसच विचारिले की, तुमच्यापैकी कोणी काही देऊ शकेल काय. रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी १०० एकर देऊ केले. तेथून भूदानाचा आरंभ झाला. तेलंगणात ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर मिळाले. पुढे १३ वर्षांच्या पदयात्रेत देशभर ४० लाख एकरांहून अधिक. त्यांतील बरीच जमीन खडकाळ वा तंट्यात अडकलेली निघाली, मोठा भाग वाटलाच गेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

भूदानातून ग्रामदान निघाले. ग्रामदानी गावाचे निर्णय सर्वसंमतीने व्हावेत असा विनोबांचा आग्रह असे. पंचांच्या मुखाने परमेश्वर बोलतो ही आपली जुनी समजूत; मग तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला तर परमेश्वर कोणत्या मुखाने बोलला, असा त्यांचा रोख असे. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळील एलवाल येथे पंडित नेहरू, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद आणि इतर पक्षांचे पुढारी या विषयासाठी एकत्र बसले, व सर्वांनी मिळून ग्रामदानास पाठिंबा दिला.

परंतु दुही त्यांच्या घरीही आली. १९५४ साली ज्यांनी भूदानास जीवन वाहिले ते जयप्रकाश नारायण १९७४ साली बिहारच्या आंदोलनात उतरले आणि सर्वोदयाच्या मंडळीत दोन तट पडले. सत्य, अहिंसा व संयम सांभाळून ज्याने त्याने आपापले काम करावे, असा तोडगा विनोबांनी काढिला; तो टिकला नाही. २५ डिसेंबर १९७४ रोजी, आपल्या नाताळाच्या दिवशी, त्यांनी वर्षभराचे मौन धरिले. त्याच काळात आणीबाणी आली, आणि अनुशासनपर्व या त्यांच्या शब्दाने अनेक जुने सहकारी दुखावले. आचार्यांचे अनुशासन असा त्याचा अर्थ पुढे सांगण्यात आला. तरी दुसऱ्यांस बोलते करणाऱ्याने त्या वेळी अधिक स्पष्ट बोलावयास हवे होते, असे आम्हांस वाटते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न व औषध वर्ज्य करून, त्यांनी पवनारास देह ठेविला. या अखेरच्या निश्चयाविषयी आमच्या ख्रिस्तसभेची शिकवण निराळी आहे. १९५९ साली त्यांनी तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापून ज्या भगिनींस एकत्र आणिले, त्या शेतात राबत, सूत कातीत आणि आश्रमाचा लहानमोठा प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने घेत आल्या आहेत. एकीस जरी पटले नाही, तरी ती गोष्ट पुढल्या बैठकीवर जाते.