पुण्याच्या नगरपालिकेतील जोतीराव फुले

आम्ही मॉरिशसचे मराठी लोक महात्मा फुले यांना ओळखतो ते मुलींच्या शाळेमुळे. सावित्रीबाईंचे नाव आम्ही त्यांच्या जोडीनेच घेतो. पण जोतीराव काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, ही गोष्ट आमच्यात फारशी सांगितली जात नाही. या स्मरणिकेत तीच सांगावी असे आम्हांला वाटले. आज आमच्यातलेही कित्येक जण नगरपालिकेत आणि ग्रामपरिषदेत बसतात, आणि लोकांचा पैसा कशावर खर्चावा हा प्रश्न त्यांच्यापुढेही येतो.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. 1834 साली करारावरचे मजूर या बेटाकडे निघू लागले तेव्हा ते सात वर्षांचे होते. घराणे माळ्याचे, मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामामुळे लोक त्यांना फुले म्हणू लागले. आई लहानपणीच गेली. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागले. पुढे त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणाचे, येरवड्याच्या पुलाचे काम त्यांनी पाहिले. सरकारी कामाचा पैसा कुठे मुरतो आणि पाटी वाहणाऱ्याच्या हाती किती उरतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1863 मध्ये त्यांनी फसलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा दिला. 1868 मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. खर्च पदरचा, रोष शेजाऱ्यांचा. 1876 मध्ये सरकारने त्यांना नगरपालिकेवर नेमले, तेव्हा हा हौदवाला माणूस तिथे गेला.

व्हाइसरॉय पुण्यास येणार होते. शहर सजवावे, मानपत्र द्यावे, यासाठी हजार रुपये मंजूर करण्याचा ठराव आला. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या पाहुण्याला नाही म्हणायचे, म्हणजे मोठीच पंचाईत. जोतीरावांनी हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा असे मत मांडले आणि ठरावाविरुद्ध हात वर केला. तो हात एकट्याचाच होता. ठराव अर्थातच मंजूर झाला.

1880 मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली. शहराच्या आरोग्यासाठी नगरपालिकेने पैसा खर्चायचा आणि त्याच शहरात गुत्ते उघडू द्यायचे, ही विसंगती त्यांनी लेखी दाखवून दिली. कोठीवरच्या मजुराचा पगार रमच्या दुकानात कसा जात असे हे आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही ऐकले आहे. त्यामुळे हे पत्र आम्हांला परके वाटत नाही.

1882 मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिले. शेतसारा भरतो कुणबी, आणि त्याच्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुले, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, मोठ्या गावांतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, अशी मागणी त्यांनी केली. मात्र शाळांचा कारभार सर्वस्वी नगरपालिकांच्या हाती देऊ नये, असेही बजावले. आत बसून पाहिलेला माणूसच असे लिहू शकतो.

पुण्यात नवी मंडई बांधण्याचे घाटत होते. त्यालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा शाळांना द्या, हेच म्हणणे. इथे मात्र ते पूर्ण बरोबर होते असे आम्हांला वाटत नाही. शनिवारवाड्यापुढे उघड्यावर, उन्हापावसात बसणाऱ्या भाजीवाल्यांना छप्पर हवेच होते. इमारत 1886 मध्ये उभी राहिली आणि तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले.

1888 मध्ये मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा शेवटचे पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्या मंडईचे नाव बदलले गेले. आमच्यापैकी जे पुण्याला जातात ते तुळशीबागेतून चालत तिथे पोचतात, अष्टकोनी मनोऱ्याकडे मान वर करून बघतात आणि भाजीवालीला विचारतात, तेव्हा ती सांगते की ही महात्मा फुले मंडई.