वेग आणि वाफ : सर माल्कम कॅम्बेल

आमचे अण्णा कराडला गॅरेज चालवतात. मी सातवीत असताना पाटणकडच्या एका शेतकऱ्याने आपली जुनी पेट्रोलची जीप त्यांच्याकडे आणून लावली आणि तिच्यात मोडीत निघालेल्या एका टेम्पोचे डिझेल इंजिन बसवून मागितले. पेट्रोल परवडत नाही, एवढेच त्याचे कारण. पंधरा दिवसांत इंजिन बसले, गाडी सुरू झाली, पेढेही वाटले गेले. मग चिपळूणला एक फेरी मारून येताना कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यावर पाणी उकळले. अण्णांनी घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि वाफेने त्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो डाग अजून आहे. ती जीप पुढे महिनाभर आमच्या दारात उभी होती आणि महिनाभर अण्णा कोणाशी धड बोलले नाहीत.

यंदा आपल्या ग्रंथालयात एक जुने इंग्रजी पुस्तक चाळताना एका निळ्या मोटारीचे चित्र दिसले. रुंद, चपटे नाक, त्या नाकाला आडवी फट, मागे जोडचाके. खाली नाव होते सर माल्कम कॅम्बेल. त्या फटीपुढे झडप होती आणि ती चालकाला आतून बंद करता येत असे, असे वाचले तेव्हा मला एकदम ती जीप आठवली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या नादी का लागावे, असे आमच्या सरांनी विचारलेच. या माणसाचे चरित्र म्हणजे दुसऱ्यांची इंजिने आपल्या गाडीत बसवण्याचा आणि ती गार कशी ठेवावीत या चिंतेचा इतिहास आहे, असे मला वाटते, म्हणून हा लेख.

माल्कमचा जन्म ११ मार्च १८८५ रोजी इंग्लंडात केंट परगण्यातील चिझलहर्स्ट येथे झाला. वडील हिऱ्यांचे व्यापारी. मुलाने तोच धंदा शिकावा म्हणून त्याला जर्मनीत पाठवले. पण मुलाचे लक्ष हिऱ्यांपेक्षा दुचाकीवर अधिक. परत आल्यावर तो लंडनच्या लॉइड्समध्ये विम्याच्या धंद्यात शिरला. वर्तमानपत्रांना अब्रूनुकसानीच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा विमा त्याने चालवला आणि त्यात भरपूर पैसा केला. पुढचे सारे उपद्व्याप याच पैशावर उभे राहिले. १९१० पासून तो ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर दिसू लागला. १९१२ साली मॉरिस मेटरलिंकचे निळा पक्षी हे नाटक त्याने लंडनला पाहिले आणि आपल्या डॅराक मोटारीला निळा रंग फासून तेच नाव दिले. ब्लू बर्ड हे नाव पुढे त्याच्या प्रत्येक गाडीला आणि बोटीला चिकटले. पहिल्या महायुद्धात तो आधी निरोप्या मोटारसायकलस्वार आणि नंतर वैमानिक होता. विमानाच्या इंजिनांशी ओळख झाली ती इथे.

युद्ध संपले आणि विमानासाठी तयार झालेली प्रचंड इंजिने मोकळी पडली. ती मोटारीच्या सांगाड्यात घालण्याचे वेडच तेव्हा इंग्लंडात पसरले. कॅम्बेलने सनबीम कंपनीची ३५० अश्वशक्तीची, अठरा लिटरची, विमानाच्या धर्तीच्या इंजिनाची गाडी मिळवली आणि वेल्समधील पेंडाइनच्या वाळवंटी किनाऱ्यावर सप्टेंबर १९२४ मध्ये ताशी १४६ मैलांचा उच्चांक केला. पुढच्या वर्षी जुलैत ताशी १५० मैल ओलांडले. मात्र पेंडाइनच्या आधी, त्याच १९२४ मध्ये, डेन्मार्कच्या फानो बेटावर याच गाडीचे एक टायर निसटून गर्दीत गेले आणि एक मुलगा दगावला. गर्दी आवरली जात नाही, अशी कॅम्बेलची आधीपासून तक्रार होती. ती खरी होती. तरी मूल गेले ते गेलेच. त्याचे कौतुक करणाऱ्या लेखांतून ही गोष्ट एका ओळीत उरकलेली दिसते, आणि तसे करणे मला बरे वाटत नाही.

१९२७ मध्ये त्याने स्वतःची गाडी बांधवली. तिच्यात नेपियर कंपनीचे लायन हे विमानाचे इंजिन होते: बारा सिलिंडरे, चार-चारांच्या तीन रांगांत, एकूण चोवीस लिटर. फेब्रुवारीत पेंडाइनला तिने ताशी १७४ मैलांच्या वर वेग गाठला. महिनाभरातच, ३ मार्चला, त्याच वाळूवर त्याचा प्रतिस्पर्धी पॅरी-थॉमस हा लिबर्टी या विमानाच्या इंजिनाची बॅब्स नावाची गाडी चालवताना मरण पावला. लोकांनी ती गाडी तिथेच वाळूत पुरली. ती १९६९ साली उकरून काढली गेली, हे ऐकून अण्णा फार खूश झाले. गाडी पुरणे त्यांना मुळीच पटलेले नव्हते.

आता अडचण काय होती ते सांगतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या शक्तीपैकी, अगदी ढोबळ हिशेबाने, तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा धुराबरोबर जातो आणि उरलेला पाण्याला तापवतो. इंजिन दुप्पट ताकदीचे घातले की तापही दुप्पट. तो ताप काढायला रेडिएटर मोठा हवा, रेडिएटरमधून वारा जायला तोंड मोठे हवे; आणि तोंड जितके मोठे तितका वारा गाडीला मागे ढकलणार. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणजे ज्या वाऱ्याने गार करायचे तोच वारा वैरी. १९२८ साली कॅम्बेलने यावर एक तोड काढून पाहिली. रेडिएटर नाकातून काढून गाडीच्या मागच्या अंगाला, बाहेरून, विमानाच्या पद्धतीने पसरले. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला अमेरिकेतील डेटोना किनाऱ्यावर ताशी २०६.९५६ मैल झाले. पण दुसऱ्याच वर्षी रेडिएटर पुन्हा पुढे नाकाशी आला. प्रतिस्पर्धी सेग्रेव्हने १९२९ साली आपल्या गोल्डन ॲरो गाडीत आणखी वेगळी युक्ती केली: पाणी चक्क बर्फाच्या पेटीतून फिरवले. आमच्या बाजारात मासे ज्या रीतीने ठेवतात तीच रीत, फक्त ताशी २३१ मैलांची! कॅम्बेल त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत व्हेर्नोकपानच्या कोरड्या तळ्यावर उन्हाशी आणि टायर कापणाऱ्या खड्यांशी झगडत होता. मैलाचा उच्चांक त्याला तिथे मिळाला नाही. लांब पल्ल्याचे मिळाले.

सेग्रेव्ह १९३० मध्ये बोटीच्या अपघातात गेला. कॅम्बेलने रीड रेल्टन या अभियंत्याकडून गाडी नव्याने रचून घेतली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये डेटोनाला ताशी २४६ मैल गाठले. परतल्यावर त्याला सर ही पदवी मिळाली. पुढच्या वर्षी त्याच गाडीने २५३.९७ मैल केले. लायन इंजिन आता १,४५० अश्वशक्तीपर्यंत ताणले होते. त्याच्या पलीकडे ते जाणार नव्हते. तेव्हा कॅम्बेलने इंजिनच बदलायचे ठरवले.

रोल्स-रॉइसचे आर हे इंजिन १९३१ साली श्नायडर करंडकाच्या शर्यतीत सुपरमरीन एस.६बी या विमानाने जिंकून दाखवले होते. बारा सिलिंडरे, छत्तीस लिटरांहून अधिक, सुमारे २,३०० अश्वशक्ती. या विमानाला वेगळा रेडिएटर असा नव्हताच. त्याचे पंख दुहेरी पत्र्याचे होते आणि गरम पाणी त्या दोन पत्र्यांच्या मधून फिरत असे; म्हणजे अख्खे विमानच रेडिएटर. आता असे इंजिन मोटारीत आणायचे तर पंख कुठून आणायचे? इंजिन मिळाले, पण त्याला गार ठेवणारे अंग विमानाबरोबर मागे राहिले. आमच्या जीपचे नेमके हेच झाले होते. इंजिन टेम्पोचे आले. पंखा, रेडिएटर आणि त्यांच्यामधले अंतर मात्र जीपचेच राहिले.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नव्या इंजिनाने डेटोनाला ताशी २७२.४६ मैल दिले. आकडा मोठा वाटतो. पण हिशेब करून पाहा. साडेआठशे अश्वशक्ती वाढवून पदरात पडले अठरा-एकोणीस मैल. चाके वाळूत नुसती फिरत होती आणि उरलेले बळ वारा खात होता. दुसरा कोणी असता तर याहून मोठे इंजिन शोधले असते. कॅम्बेल आणि रेल्टन यांनी इंजिन तेच ठेवले आणि गाडी बदलली. मागे जोडचाके आली, अंग रुंद व चपटे झाले, आणि नाकाच्या फटीला ती झडप लागली.

या झडपेमागचा विचार मला फार आवडतो. ताशी तीनशे मैलांनी एक मैल जायला बारा सेकंद लागतात. तेवढा वेळ वारा मिळाला नाही तरी चालेल. आधीच भरलेले पाणी तितका ताप पोटात घेईल. म्हणून मोजणीचा मैल येईपर्यंत तोंड उघडे ठेवायचे, मैल आला की मिटायचे, संपला की उघडायचे. प्रीतिसंगमावर पोरे श्वास कोंडून डोहात बुडी मारतात, तसेच हे. फक्त इथे पोर पन्नास वर्षांचे होते.

मार्च १९३५ मध्ये डेटोनाला २७६.८२ मैलांवर समाधान मानावे लागले. वाळू खडबडीत होती. मग त्याने किनारा सोडला आणि युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी पठाराकडे गेला. ३ सप्टेंबरच्या पहिल्या धावेत त्याने झडप मिटली. समोरची काच तेलाच्या पातळ थराने धूसर झाली आणि बसायच्या जागेत धूर कोंडला. मिठावर आखलेली काळी रेघ हीच त्याची वाट, तीच दिसेना. धाव संपता संपता पुढचे एक टायर फुटून पेटले. तासाभराच्या आत उलट दिशेने धाव झाली नाही तर सारे व्यर्थ, म्हणून चाके बदलून तो पुन्हा निघाला. दोन्ही धावांची सरासरी प्रथम २९९.८७५ मैल जाहीर झाली. काही तासांनी गणितातली चूक सापडली आणि खरा आकडा निघाला तो ३०१.१२९ मैल, म्हणजे सुमारे ४८५ किलोमीटर. ज्या क्षणासाठी बारा वर्षे घालवली तो क्षण कारकुनी दुरुस्तीच्या रूपाने यावा, याची मला त्याच्यासाठी हळहळ वाटते.

त्यानंतर जमिनीवरचा नाद त्याने सोडला. त्याच वर्षी पार्लमेंटच्या निवडणुकीस उभा राहून पडला. आर इंजिन मात्र सोडवेना. ते बोटीत बसवले. चहूकडे तळ्याचे थंड पाणी असूनही सुरुवातीच्या चाचण्यांत ते पाणी इंजिनात नीट फिरेना, हे वाचून मला हसू आले. ती अडचणही सुटली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये कॉनिस्टनच्या सरोवरावर नव्या बोटीने ताशी १४१.७४ मैल केले आणि पंधरा दिवसांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. ३१ डिसेंबर १९४८ रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी, तो आजाराने आपल्या घरी गेला. वेगाचे उच्चांक करणाऱ्यांत असे मरण थोड्यांनाच लाभले.

या सबंध काळात त्याच्या गाड्यांशी हात काळे करणारा माणूस होता लिओ व्हिला. विसाच्या दशकाच्या आरंभी तो कॅम्बेलकडे आला. इंजिने बदलली, अभियंते बदलले, व्हिला राहिला. कॅम्बेलनंतर त्याचा मुलगा डोनल्ड याच्यासाठीही त्याने तेच काम केले, आणि ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टनवर डोनल्डची बोट उलटून बुडाली तेव्हाही तो काठावर हजर होता.

हे सगळे मी एका रात्री अण्णांना सांगितले. उच्चांकांचे त्यांना फारसे काही वाटले नाही. झडपेची दांडी कुठून कुठवर नेली असेल, गरम होऊन ती अडकत नसेल का, हे मात्र त्यांनी दोनदा विचारले. व्हिलाला पगार किती होता हेही विचारले.

जीपचे पुढे काय झाले ते राहिलेच. नवे इंजिन लांबीला आखूड, त्यामुळे पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे पडला होता आणि बाजूचीच गरम हवा घुसळत होता. अण्णांनी तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून पंख्याभोवती घेर केला, तो रेडिएटरला चिकटवला, आणि ताप उतरला. त्या पत्र्याचा खर्च त्यांनी शेतकऱ्याकडून घेतला नाही.

गेल्या मे महिन्यात त्याच जीपमधून आम्ही चिपळूणहून आलो. घाटमाथ्यावर अण्णांनी गाडी थांबवली, बॉनेट उघडले, रेडिएटरच्या बाजूला उलटा तळवा धरून अंदाज घेतला. झाकणाला मात्र हात लावला नाही.