तुकोबांचा संसार

देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, सावकारी होती, बाजारात दुकान होते. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात हे वैभव ओसरले. थोरली पत्नी रखमाबाई व बाळ संतू अन्नावाचून गेले. पुढे तुकोबांनी कर्जखते बाहेर काढली. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या स्वाधीन केला आणि केवळ आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. आपले वैराग्य त्यांनी भावावर लादले नाही.

जिजाईला मात्र असा वाटा वेगळा करून मिळाला नाही. ती पुण्याच्या सधन गुळव्यांची लेक. कीर्तनांतून ती कजाग म्हणून रंगविली जाते; आम्हांस तो अन्याय वाटतो. भंडारा डोंगरावर पतीसाठी भाकरी नेणारी तीच. मिळालेली उसाची मोळी तुकोबांनी वाटेत पोरांना वाटली व एकच ऊस घरी आणला, तेव्हा ती संतापली. घरची मुलेही उपाशीच होती ना! शिवरायांनी धाडलेला नजराणाही तुकोबांनी परत केला, असे परंपरा सांगते. काशी, भागीरथी व गंगा या मुलींची लग्ने तर, चरित्रकथेनुसार, रस्त्यात खेळणारी सजातीय मुले बोलावून, मानपानाविना उरकली.

तुकोबा वैकुंठास गेले तेव्हा जिजाई गर्भवती होती. त्या नारायणबाबांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत घेऊन देहूहून पंढरीची वाट धरली. त्यांना लहानाचे मोठे केले ते जिजाईनेच.