पुण्यात जन्मला, हैदराबादेत रमला : विलायती चित्रं जमवणारा नवाब सालारजंग

मराठवाड्यातला माणूस हैदराबादला गेला, मग दवाखान्याच्या कामाला असो की लग्नाच्या खरेदीला, चारमिनार बघतोच. आणि हाताशी दोन तास उरले की मुसी नदीकाठच्या सालारजंग म्युझियममध्ये शिरतो. दालनामागून दालनं संपता संपत नाहीत. एकट्या माणसाने एवढं जमवलं तरी कशाला, हा प्रश्न तिथे हमखास पडतो.

त्या माणसाचं नाव मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग. जन्म १३ जून १८८९, आणि तोही पुण्यातला. आजोबा मीर तुराब अली खान म्हणजे पहिले सालारजंग. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं ते निजामाचे दिवाण होते. दिवाण म्हणजे आजच्या भाषेत पंतप्रधान. वडील मीर लायक अली खान यांनीही ते पद सांभाळलं. पण पोर महिन्याचंही झालं नव्हतं, तोच वडील वारले. घरात उरलं तान्हं बाळ आणि भलीमोठी जहागीर.

या जहागिरीत कर्नाटकातलं कोप्पळ, यलबुर्गा होतं आणि आपल्याकडचं अजिंठा गावही होतं. म्हणजे पुढे विलायतेच्या चित्रांवर जो पैसा गेला, त्यात इकडच्या कुणब्याने भरलेला साराही होता. नवाबाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. आणि गंमत बघा, ज्या अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं बघायला गोरे लोक समुद्र ओलांडून येत, तिथलाच जहागीरदार गोऱ्यांची चित्रं विकत घेत होता.

१९१२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, युसुफ अली खान दिवाण झाले. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, त्यांनी पद सोडलं आणि निजाम मीर उस्मान अली खान यांनी कारभार स्वतःच्या हातात घेतला. निजाम काटकसरीसाठी प्रसिद्ध, तर हा नवाब खर्चासाठी. त्याने लग्न केलं नाही. पुढची पस्तीस वर्षं एकच नाद, जुन्या वस्तू.

जुन्या वस्तूंचे व्यापारी त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यावर माल घेऊन यायचे. परदेशातले दलाल कुठे काय विकायला निघालंय ते कळवायचे. नवाब स्वतःही युरोपात जाऊन खरेदी करून यायचे. इटलीच्या कॅनालेट्टोने रंगवलेलं व्हेनिस, फ्रान्चेस्को हायेझचं साबणाचे फुगे उडवण्याचं चित्र, इंग्लंडच्या वॉट्स आणि लेटन यांची कामं त्यांच्या संग्रहात आली. टॉमस सिडनी कूपर हा इंग्रज चित्रकार तर गाई-मेंढ्यांसाठीच नावाजलेला. शेतकरी माणसाने त्याच्या चित्रापुढे जरा थांबावं. अर्थात सगळंच अस्सल नाही. मोठ्या चित्रकारांच्या चित्रांवरून केलेल्या नकलाही या संग्रहात आहेत. एवढी खरेदी करणाऱ्याच्या हाती थोडं डावं-उजवं येणारच.

चित्रांबरोबर फर्निचरही आलं. पंधरावा लुई, सोळावा लुई आणि नेपोलियन यांच्या काळच्या घडणीच्या खुर्च्या, कपाटं, टेबलं. हस्तिदंताच्या खुर्च्यांबद्दल सांगतात की, त्या फ्रान्सच्या राजाने टिपू सुलतानाला भेट दिल्या होत्या. एकाच लाकडात कोरलेला दुहेरी पुतळा तर सगळ्यांना माहीत आहे. पुढून बघावं तर छाती काढून उभा असलेला सैतान मेफिस्टोफिलीस, आणि मागच्या आरशात बघावं तर मान खाली घातलेली मार्गारेटा. संगमरवराच्या बुरख्याआडून चेहरा दिसणारी रेबेका मात्र या नवाबाची खरेदी नव्हे. इटलीच्या बेन्झोनीची ती मूर्ती आजोबांनी १८७६ साली रोमहून आणली होती. बघायला येणारे बहुतेक लोक तिचं श्रेय नातवाला देऊन मोकळे होतात.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाची सत्ता गेली. २ मार्च १९४९ रोजी नवाब वारले. पाठीमागे ना बायको, ना मूल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी खालसा करण्याचा कायदा आला. म्हणजे ज्या उत्पन्नावर हे सगळं उभं होतं, तेच आटलं. देवडीत मात्र चित्रं, घड्याळं, मूर्ती खच्चून भरलेल्या, आणि वारसा सांगणारे नातेवाईक बरेच. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात, इथे तर खजिना होता. वाटण्या झाल्या असत्या तर एकेक चित्र लिलावात निघून परत विलायतेला गेलं असतं.

तसं झालं नाही. मालमत्तेसाठी नेमलेल्या समितीने वस्तू एकत्र ठेवल्या. जेम्स कझिन्स या कलेच्या जाणकाराने त्यांची मांडणी केली आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच म्युझियम सुरू झालं. कोर्टातला वाद १९५८ साली तडजोडीने मिटला. वारसदारांनी संग्रहावरचा हक्क सोडला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून म्युझियमला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं आणि १९६८ साली सगळं सामान नदीकाठच्या आजच्या इमारतीत आलं.

तिथे एक मोठं विलायती घड्याळ आहे. तास भरायला आला की लोक चित्रं सोडून त्याच्यासमोर गर्दी करतात, पोरांना खांद्यावर घेतात. आतून दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि परत आत जातो.